तीन लख्ख, एक काळा

बडोद्याच्या मकरपुऱ्यात दत्ताजीरावांच्या दुकानात शिरून कुणी नुसतं "चार प्लग द्या" म्हटलं, तर ते देत नाहीत. आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात, पाणी विचारतात आणि मग चौकशी सुरू करतात. गाडी कोण चालवतं? कुठवर जाते? वेग किती असतो? आणि शेवटी तळहात पुढे करून, "जुने दाखवा." जुने प्लग वर्तमानपत्रावर एक ते चार असे ओळीने मांडायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा आणि एकेक उचलून त्याचं तोंड निरखायचं. प्लग म्हणजे इंजिनात पेट्रोलला ठिणगी देणारा बोटभर तुकडा, पण दत्ताजीराव तो पत्रिका वाचावी तसा वाचतात. त्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. जुना पाहिल्याशिवाय नवा द्यायचा नाही, ही आजोबांची शिस्त नातवाने वयाची पासष्टी उलटली तरी मोडलेली नाही.

आणि अशा माणसाला आपल्या नवऱ्याने वर्षभरात तीनदा फसवलं, हे निरुपमाला एका मंगळवारी सकाळी कळलं.

त्याआधी गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. गाडी म्हणजे दोन हजार साली घेतलेली चंदेरी झेन. निरुपमाचे यजमान दीनानाथ मकरपुऱ्यातल्याच एका कारखान्यात तपासनीस होते. माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारे. कारखान्यात त्यांच्या नजरेतून वाकडा बोल्ट कधी सुटला नाही आणि घरात जाडसर चिरलेली कोथिंबीर. गाडी त्यांनी तेवीस वर्षं स्वतः चालवली. कोल्हापूर, नाशिक, एकदा तर भर मे महिन्यात थेट उदयपूर. मग मानेचं दुखणं मागे लागलं, मान वळेनाशी झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हा दीनानाथांनी बायकोला गाडी शिकवायला घेतली. निरुपमाला एकसष्टावं वर्ष लागलेलं. नवलखीच्या मैदानात सकाळी सहाला, सलग तीन महिने. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या निरुपमाने इतका चिडका मास्तर जन्मात पाहिला नव्हता. पण ती शिकली, लायसन्स काढलं, आणि तिला गाडी चालवायला इतकं आवडायला लागलं की घरातली भाजी कधी संपते याची ती वाट बघू लागली.

एकच गोष्ट होती. सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढायला दीनानाथच बसत. "सरळच तर जायचंय, मान वळवायची नाही की काही नाही," असं म्हणत ते कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत गाडी नेत. कडुनिंबाखाली दोघं उतरत, जागा बदलत आणि पुढे बाजारापर्यंत निरुपमा चालवे. येताना कडुनिंबाखाली पुन्हा अदलाबदल. दोन वर्षं हा सोहळा बिनबोभाट चालला होता. सगळ्या सोसायटीला तो माहीत होता. सोसायटीला तो माहीत आहे, एवढंच काय ते दीनानाथांना माहीत नव्हतं.

निरुपमा हे हसण्यावारी नेत असे, पण तिला ते टोचत असे हे खरं. कपड्यांवरचा डाग लपवावा तसं आपलं गाडी चालवणं हा माणूस लपवतो, असं कडुनिंबाखाली उतरताना दर वेळी तिच्या मनात येई.

त्यातच वसुंधराची साठी आली. वसुंधरा ही तिची धाकटी बहीण, अंकलेश्वरला राहणारी. येत्या रविवारी तिला साठ पुरी होणार होती. निरुपमाने फोनवर छाती पुढे काढून सांगून टाकलं होतं, "मी येतेय, आणि गाडी मी चालवत आणणार आहे." वसुंधरा किंचाळलीच. लहानपणी नागरवाड्यात त्यांच्या घरी एक सायकल होती. मुली पडतील, गुडघे फोडून घेतील, म्हणून ती कायम भावाच्या वाट्याला गेली आणि या दोघी मागच्या कॅरिअरवर बसून मोठ्या झाल्या. आता ताई स्वतः मोटार हाकत नर्मदा ओलांडून येणार, हे वसुंधराने गल्लीभर सांगून ठेवलं.

आणि सोमवारी फतेगंजच्या सिग्नलला गाडी मिसिंग मारायला लागली. उचकी लागल्यासारखी धक्के देत पुढे जायची आणि मध्येच दम सोडायची. मागे हॉर्नचा गोंगाट. वर्षातली ही चौथी वेळ. आधीच्या तीन वेळा दीनानाथांनी जाऊन नवे प्लग आणले होते, गाडी दोन-तीन महिने बरी चालली होती आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"शुक्रवारपर्यंत बरी झाली तर ठीक," दीनानाथ घरी आल्यावर म्हणाले, "नाहीतर टॅक्सी करू. हायवेवर बंद पडली तर काय करशील?"

पण या वेळी टॅक्सी झाली की पुढच्या प्रत्येक वेळी टॅक्सीच होणार, हे निरुपमाला पक्कं ठाऊक होतं. मग तिचा रस्ता कडुनिंबापासून भाजी बाजारापर्यंत, आणि तिथेच संपणार.

मंगळवारी सकाळी ती चहा घेऊन गॅलरीत गेली, तर दीनानाथ वर्तमानपत्र पसरून पाटावर बसलेले. समोर तिच्या दह्याच्या वाटीत पेट्रोल, हातात तिचा दागिने घासायचा ब्रश. तीन प्लग दुकानातून नुकते आणल्यासारखे चमकत ओळीने मांडलेले होते आणि चौथ्याचा नंबर लागायचा होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"दत्ताजीरावांकडे न्यायचेत ना. असे काळेकुट्ट कसे न्यायचे चारचौघांत? गाडी ठेवता येत नाही म्हणतील."

"दर वेळी असे घासून नेता?"

"म्हणजे काय! मागच्या खेपेला तर दत्ताजीराव म्हणाले, साहेब, इतके चांगले प्लग बदलता कशाला?" दीनानाथांच्या आवाजात चक्क अभिमान होता.

निरुपमा मटकन वेताच्या मोढ्यावर बसली. चहा बशीत सांडला. "अहो, डॉक्टरकडे जाताना जीभ खरवडून, वर रंग लावून जाता का? आणि मग म्हणता, बघा माझी जीभ! तो माणूस काजळी बघून गाडीचं दुखणं ओळखतो. तुम्ही ती काजळीच धुऊन टाकता!"

दीनानाथांचा हात थांबला. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासणाऱ्या माणसाला आपणच पुरावा पुसत होतो हे लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा काही पडला की निरुपमाला हसू आवरेना. पण हसता हसता तिला दुसरी शंका आली.

"आणि ते विचारतात ना, गाडी कोण चालवतं? तेव्हा काय सांगता?"

दीनानाथांनी ब्रश वाटीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. "सांगतो आपलं काहीतरी."

"काय?"

"मीच म्हणतो. लांबचे प्रवास असतात, वेग ऐंशी. उदयपूरचंही सांगितलंय."

आता मात्र तिला हसू आलं नाही. तिने वाकून चौथा, काळा प्लग उचलला, कागदात गुंडाळला आणि पदरात घट्ट बांधला. "याला हात लावायचा नाही. उद्या मीही येतेय दुकानात."

बुधवारी दोघं रिक्षाने निघाली, कारण गाडीच्या पोटातून प्लग निघालेले. मकरपुऱ्यात कारखान्यांची पाळी सुटलेली, कंपनीच्या बसेस आणि मोटारसायकली एकमेकींत घुसलेल्या. दत्ताजीरावांनी लांबूनच ओळखलं.

"आवो आवो, साहेब! आणि आज वहिनीपण? शुं वात छे! बसा बसा."

एक मोटारसायकलवाला आधीपासून स्टुलावर बसून चहा पीत होता, तो उठून निरुपमाला जागा देऊन उभा राहिला. दीनानाथांनी तीन प्लग काउंटरवर ठेवले. निरुपमाने पदराची गाठ सोडून चौथा ठेवला. दत्ताजीरावांनी चष्मा नाकावर घेतला, ओळीकडे पाहिलं आणि परत वर पाहिलं.

"हे तिघं लग्नाला निघालेत वाटतं. आणि हा?"

"हा घरचा," निरुपमा म्हणाली. "याला विचारा."

दत्ताजीरावांनी काळा प्लग उजेडात धरला, बोट फिरवलं, बोट कागदाला पुसलं. "कोरडी काजळी आहे. तेल नाही, म्हणजे इंजिन एकदम सारं, धडधाकट आहे, ती काळजी नको. पण ही गाडी पळतच नाही, साहेब. वीस-पंचवीसच्या वर जात नसणार. दोन-चार किलोमीटर गेली, इंजिन तापायच्या आत बंद केली, परत फिरली. ही बाजारातून कोथमीर आणणारी गाडी आहे." त्यांनी प्लग खाली ठेवला. "तुम्ही तर मला उदयपूर सांगितलं होतं! मे महिना, ऐंशीचा वेग! म्हणून मी तुम्हाला तीनदा थंड प्लग दिले."

निरुपमाने विचारलं, "थंड म्हणजे?"

"वहिनी, प्लगमध्ये थंड-गरम असतात. लांब आणि जोरात पळणारी गाडी तापते, तिला आपली आच झटकन सोडून देणारा प्लग लागतो. तो थंड. हळू चालणाऱ्या गाडीला आच धरून ठेवणारा लागतो, तरच त्याच्यावरची काजळी जळून जाते. तो गरम. थंड प्लग लावून बाजारात फिरलात तर तो काळा नाही होणार तर काय होणार?" मग ते दीनानाथांकडे वळले आणि नव्याने चौकशी मांडली. "पहिल्यापासून सांगा. गाडी कोण चालवतं?"

मोटारसायकलवाल्याने चहाचा कप तोंडाजवळ तसाच धरून ठेवला. निरुपमाच्या जिभेवर उत्तर होतं. ते देणं सोपं होतं, आणि नेमकं म्हणूनच तिने ते दिलं नाही. तिने ओठ मिटले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडे बघत राहिली.

दीनानाथांनी घसा साफ केला. "ही चालवते," ते म्हणाले. मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "सध्या."

"हत्तेरेकी! मग हे पहिल्यांदाच सांगायचं ने! यात लपवण्यासारखं शुं छे?" दत्ताजीराव मनापासून हसले. "पण वहिनी, एवढी हळू कशाला चालवता?"

"शेजारी बसून कुणीतरी सारखं 'हळू, हळू' म्हणत असतं."

मोटारसायकलवाल्याला चहाचा ठसका लागला.

दत्ताजीरावांनी मग तीन खोकी काउंटरवर मांडली. पहिलं बोटाने बाजूला सारलं, "हा तुमचा उदयपूरवाला, आता बस झाला." दुसरं पुढे ढकललं. "हा गरम. बाजाराला बेस्ट, वर्षभर काजळी धरणार नाही. फक्त ताणून लांब पळवू नका, जास्त तापेल." तिसऱ्यावर हात ठेवला. "आणि हा मधला. गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तो. गावातही चालतो, हायवेलाही चालतो. पण याला एक अट आहे."

"हा गरम चांगला आहे," दीनानाथ घाईने म्हणाले. "निरू, हाच घेऊ. रोजची कटकट मिटेल. रविवारी काय, टॅक्सी करता येईल."

ते काही चुकीचं बोलत नव्हते. गरम प्लग लावला की गाडी ठणठणीत, बाजार ठणठणीत, कुणाला कसली काळजी नाही. निरुपमाने ते खोकं हातात घेतलंही. आणि तिला कडुनिंब दिसला. या खोक्यात जे होतं ते त्या कडुनिंबापासून भाजी बाजारापर्यंतच पुरणारं होतं, पुढची किती वर्षं कोण जाणे. तिने ते परत ठेवलं.

"अट काय आहे?" तिने तिसऱ्याकडे बोट दाखवलं.

"आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्यावर पळवायची. साठ-सत्तरने. काजळी आपोआप जळून जाते. नाहीतर तीन महिन्यांत परत माझ्या दारात."

"हेच द्या. आणि अट लिहून द्या."

दत्ताजीरावांनी कानावरचं पेन काढून खोक्यावर, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं, ठळक लिहिलं: 'आठवड्यातून एकदा. मोकळा रस्ता. हळू म्हणायचं नाही.' शेवटचं वाक्य वाचून दीनानाथ काही म्हणणार होते, पण ते चक्क लेखी असल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला.

प्लग निरुपमाने बसवले. दीनानाथ शेजारी उभे राहून सूचना देत होते, आणि त्यांना बसवण्याचं काम खरोखरच उत्तम येत असल्यामुळे ती ऐकत होती. "आधी हातानेच फिरव. आटे अलगद बसू देत. जड लागलं तर जबरदस्ती करू नकोस, काढून पुन्हा लाव. हां. आता पाना." चार वायरी जिथल्या तिथे लावून तिने चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं आणि उचकीचं नाव नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. शुक्रवारी रात्री दीनानाथांनी टॅक्सीचा विषय काढला नाही आणि निरुपमाने त्यांना आठवणही करून दिली नाही.

रविवारी सात वाजता ती खाली उतरली. दीनानाथ मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन आले आणि सवयीने उजव्या दाराशी गेले, तर निरुपमा आत बसून आरसा नीट करत होती. ते क्षणभर दाराशी उभे राहिले. मग गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले आणि पट्टा लावला. वॉचमनने फाटक उघडलं, निरुपमाला "जय श्रीकृष्ण, काकी" म्हटलं आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याला काहीच नवल वाटलं नाही, याचं दीनानाथांना फार नवल वाटलं. कडुनिंब आला आणि मागे गेला.

हायवेवर पहिली दहा मिनिटं निरुपमाने डावी कड सोडली नाही. ट्रक शेजारून गेला की गाडी हलल्यासारखी वाटे. काटा पन्नासवर गेला तसं दीनानाथ म्हणाले, "हळू..." आणि त्यांची नजर समोर ठेवलेल्या प्लगच्या खोक्यावर गेली. "नाही, नाही. जाऊ दे. काजळी जळायला पाहिजे."

पंचावन्न झाले, साठ झाले, पासष्ट झाले. गाडी इतकी एकसुरात चालली होती की रस्ता आपणहून चाकाखाली येतोय असं वाटावं. निरुपमाला एकाएकी फार आनंद झाला. नागरवाड्यातल्या त्या सायकलच्या कॅरिअरवरून पुढे यायला तिचं त्रेसष्टावं वर्ष उजाडलं होतं, पण ती आली होती. ती गाणं म्हणायला लागली. सूर लागत नव्हता आणि दीनानाथ ताल धरत होते, तोही चुकीचा.

नर्मदेचा पूल आला. दीनानाथांनी खिडकीची काच खाली केली, सबंध अंग वळवून नदीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. अर्धा पूल मागे पडला तरी हात जोडलेलेच.

"काय झालं हो?"

"काही नाही गं. तेवीस वर्षं या नदीवरून येजा केली. हात कायम स्टिअरिंगवर, नजर समोरच्या ट्रकवर. नर्मदा कधी धड बघितलीच नव्हती मी." ते पुन्हा खिडकीकडे वळले. "केवढी आहे गं ही!"

"बघा, बघा," निरुपमा म्हणाली आणि आपणहून गाडी थोडी हळू केली. त्याबद्दल तिला कुणी काही म्हटलं नाही.

अंकलेश्वरला वसुंधरा दारातच उभी होती. गाडी वळणावर दिसल्याबरोबर ती रस्त्यात धावत आली आणि निरुपमा उतरायच्या आत तिच्या गळ्यात पडली. मग आत पळाली, भाकरतुकडा घेऊन आली, बहिणीवरून ओवाळला आणि उत्साहाच्या भरात गाडीवरूनही ओवाळून टाकला. गल्लीतली पाच-सहा घरं गोळा झाली. त्यांत शेजारचे जयवंतराव होते. मोठ्या आवाजाचे गृहस्थ. ते सरळ दीनानाथांकडे गेले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवू लागले.

"मानलं बुवा तुम्हाला, दीनानाथराव! मान एवढी धरलेली असताना बडोद्याहून गाडी मारत आलात! वसुंधराताई काहीतरी भलतंच सांगत होत्या, आम्ही म्हटलं गंमत करतायत."

निरुपमाने चावी मुठीत घट्ट धरली. वसुंधरा तोंड उघडणार होती, तिचा हात तिने दाबला.

दीनानाथांनी जयवंतरावांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मान वळत नव्हती म्हणून ते सगळेच्या सगळे वळले आणि बायकोकडे बोट दाखवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी नाही. ही चालवते."

निरुपमा पुढच्या शब्दासाठी थांबली. त्यांनी श्वास घेतला तशी ती मनातून तयारही झाली. पण 'सध्या' काही आलं नाही.

"मी आपला नर्मदा बघत आलो," दीनानाथ जयवंतरावांना सांगत होते. "तुम्ही कधी बघितलीय का नीट? आता संध्याकाळी जाताना परत बघणार आहे. आणि पुढच्या रविवारीपण."